सरड्याच्या पोटातली शिल्लक

वळिवाचे एकदोन जोरदार पाऊस होऊन गेले आणि माती मऊ झाली, की परसात किंवा बागेच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. एरवी माणसाची चाहूल लागताच खोडाच्या पलीकडे सरकणारी सरड्याची मादी भर दिवसा उघड्या जमिनीवर बसून पुढच्या पायांनी माती उकरत असते. बोटभर खोल खड्डा झाला की ती त्यात मऊ कवचाची पांढरी अंडी घालते, वर माती लोटते, तोंडाने दाबून ती सारखी करते आणि निघून जाते. त्या जागेकडे ती पुन्हा फिरकत नाही. आदल्या दिवशी टम्म दिसणाऱ्या तिच्या पोटाची जागा आता सैल पडलेल्या कातडीच्या वळ्यांनी घेतलेली असते.

एका वेळी साधारण दहा ते वीस अंडी, आणि मादी मोठी असल्यास त्याहूनही अधिक. वीतभर देखील अंग नसलेल्या प्राण्याच्या दृष्टीने हा खर्च अवाढव्य आहे. शिवाय पहिल्या पावसाच्या आधीचे दिवस सुकाळाचे नसतात. एप्रिल-मेमध्ये जमीन तापलेली, गवत वाळलेले आणि किडे विरळ असतात. मग एवढ्या अंड्यांचे साहित्य येते कोठून? त्यातील बराच भाग मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस जमवलेला असतो आणि मधले सहा-सात महिने तो मादीच्या पोटात राखीव पडून असतो.

पोटातले कोठार

सरड्याच्या उदरपोकळीत अगदी मागे, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंना, फिकट पिवळसर रंगाचे दोन मांसल पदर असतात. त्यांना मेदपिंड म्हणतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सरड्याचे विच्छेदन होत असे त्या काळातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते आठवत असतील. सरडा कोणत्या महिन्यात पकडला आहे यावर त्यांचा आकार अवलंबून असे. कधी ते आतड्यांवर चढून आलेले दिसत, तर कधी शोधूनही धड हाती लागत नसत. ही चरबी माणसासारखी कातडीखाली सर्वांगभर पसरलेली नसते. पळणाऱ्या, फांद्यांवरून उड्या मारणाऱ्या प्राण्याला ती एका जागी, शरीराच्या मध्याजवळ असणेच सोयीचे. सरड्यांच्या कुळातील इतर प्राण्यांत मेदपिंडांखेरीज शेपटीचे मूळ आणि यकृत याही साठवणीच्या जागा आहेत. पालींत तर शेपटी हेच मोठे कोठार असते.

साठा चरबीचाच का, याचे उत्तर साधे आहे. एक ग्रॅम चरबीतून सुमारे नऊ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिष्ट किंवा प्रथिनांतून ती जेमतेम चार मिळते. शिवाय चरबी साठवताना सोबत पाण्याचे ओझे वाहावे लागत नाही.

ही शिल्लक महिनोन्‌महिने पुरते, यामागे सरीसृपांच्या शरीराची मूळ रचना आहे. सस्तन प्राणी आणि पक्षी आपले शरीर आतून तापवतात, आणि त्यांच्या अन्नाचा फार मोठा भाग त्या शेकोटीतच जळतो. सरडा ऊब उन्हातून घेतो. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत विसाव्याच्या स्थितीत त्याला साधारण दशांशाच्या आसपास ऊर्जा पुरते. थंडीत शरीर गार पडले की ती गरज आणखी घटते. उंदराला दोन दिवसांचा उपवास जड जातो, पण सरडा आठवडेच्या आठवडे गप्प बसून काढतो. त्याला ‘थंड रक्ताचा’ म्हणण्याची जी पद्धत आहे ती तशी चुकीचीच. दुपारच्या उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त चांगलेच गरम असते. ती उष्णता त्याने स्वतःच्या खर्चाने निर्माण केलेली नसते, इतकेच.

वर्षाचा जमाखर्च

गोवा, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात सर्वत्र आढळणाऱ्या बागेतील सरड्याचे शास्त्रीय नाव ‘कॅलोटिस व्हर्सिकलर’ असे आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्रा. श्रीनिवास सैदापूर, प्रा. भाग्यश्री शानभाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरड्याच्या प्रजननाचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपल्या शेजारच्याच या संशोधनामुळे भारतीय सरड्यांपैकी बहुधा याच एकाचे वर्षचक्र इतके बारकाईने उलगडले आहे. त्याचा विणीचा हंगाम साधारणपणे मे ते ऑक्टोबर असा चालतो.

वर्षाचा हिशेब मात्र मे महिन्यापासून मांडून चालत नाही. तो पावसाळा सरतानाच सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत उंच वाढलेले असते. नाकतोडे, सुरवंट आणि मुंग्या यांची रेलचेल असते. याच सुमारास नराची वृषणे आणि मादीचे अंडाशय आक्रसू लागतात. खाणे चालूच असते, पण प्रजननाचा खर्च थांबतो, आणि उरते ते सारे मेदपिंडांत जाते. हिवाळ्यात गोव्याच्या किनारपट्टीवरील सरडे खरी शीतनिद्रा घेत नाहीत. सकाळी उशिरा बाहेर येणे, उन्हात बसणे आणि थोडेफार खाणे असा त्यांचा मंद दिनक्रम चालतो. ग्वाल्हेरकडच्या कडाक्याच्या थंडीत मात्र त्यांचे भाईबंद फटींत किंवा पालापाचोळ्याखाली दडून राहतात.

शिशिर सरून दिवस मोठा आणि ऊन तापते होऊ लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी अंडाशयांना व वृषणांना जागे करते. मादीच्या शरीरात यानंतर जे घडते ते या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक यकृताला कामाला लावते. मेदपिंडांतील चरबी विरघळून रक्तावाटे यकृतात पोहोचते. तेथे ती प्रथिनांशी जोडली जाऊन बलकाचा कच्चा माल तयार होतो, आणि तो पुन्हा रक्तावाटे अंडाशयातील बारीक पांढुरक्या पुटकांत भरला जातो. मोहरीएवढे पुटक बघता बघता वाटाण्याएवढे होते आणि पिवळे दिसू लागते. या दिवसांत मादीचे यकृतही फुगते. अंडी तयार होईपर्यंत मेदपिंड सुकून दोऱ्यासारखे उरतात.

बीज पोसण्याचा खर्च खरोखर याच साठ्यातून होतो का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत हान आणि टिंकल या संशोधकांनी केलेला प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील पश्चिमेच्या शुष्क प्रदेशातील ‘ऊटा स्टॅन्सब्युरियाना’ या छोट्या सरड्याच्या माद्यांचे मेदपिंड त्यांनी बलक भरण्याचा काळ येण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून काढून टाकले. या माद्यांच्या पुटकांची वाढ मेदपिंड शाबूत असलेल्या माद्यांच्या तुलनेत मागे पडली. तोवर मेदपिंड आणि अंडाशय यांचे आकार वर्षभर उलटसुलट बदलतात एवढेच ठाऊक होते. एकाच्या ऱ्हासातून दुसऱ्याची वाढ होते, याला आता प्रयोगाचा आधार मिळाला.

सरड्याची मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालते. अशा सरड्यांत सामान्यतः दिसते ते असे, की पहिल्या खेपेच्या अंड्यांवर साठवणीची छाप असते, तर पुढच्या खेपा बऱ्याच अंशी रोजच्या कमाईवर निघतात. पाऊस लागला की पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे जमिनीतून उसळतात, किड्यांच्या पिढ्यांवर पिढ्या निपजतात आणि मादीला नव्याने बलक भरण्याइतके मिळू लागते. शास्त्रज्ञ या दोन पद्धतींना ‘भांडवलावरचे’ आणि ‘कमाईवरचे’ प्रजनन म्हणतात. आपला सरडा दोन्हींच्या मध्ये कोठेतरी बसतो. शेतकऱ्याच्या घरी मृगाची पेरणी राखून ठेवलेल्या बियाण्यावर होते आणि पुढचा खर्च हाती येणाऱ्या पिकावर चालतो, तसाच हा प्रकार.

नराचा खर्च वेगळा

नराच्या बाबतीत शुक्रजंतू तयार करण्याचा खर्च किरकोळ असतो. त्याची चरबी संपते ती मिरवण्यात. विणीच्या काळात त्याचे डोके व खांदे लालभडक होतात आणि गळ्यावर काळा डाग उमटतो. उंच जागी बसून तो पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, शेजारच्या नराला हाकलतो आणि दिवसाचा बराच वेळ पहाऱ्यात घालवतो. खाण्याला उरतो तो थोडाच. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्याच्या तोकड्या पोहोचीला हसते. परंतु त्या कुंपणासाठी तो अंगावरची चरबी झिजवत असतो. मानेची ती लाली पाहून लोक त्याला रक्त शोषणारा समजतात आणि दगड मारतात, हे निव्वळ अज्ञान. तो ना चावायला येतो, ना त्याच्यात विष असते.

पाऊस लांबला तर

अंडी तयार होणे आणि ती घालता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरड्याच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. ते चामड्यासारखे असून मातीतील ओल शोषून घेते. घातल्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत अंडे फुगत जाते. माती कोरडी असेल तर अंड्यातीलच पाणी उलट बाहेर निघून जाते आणि गर्भ मरतो. त्यामुळे मेच्या अखेरीस अंडी पोटात तयार आहेत, पण पावसाचा पत्ता नाही, अशी वेळ आली तर मादीपुढे मोठा पेच उभा राहतो.

त्यावरचा तिचा तोडगा धारवाडच्या संशोधनातून पुढे आला. ओलसर माती मिळेपर्यंत मादी अंडी अंडवाहिनीतच धरून ठेवते. ही थोपवणूक काही आठवडे चालू शकते, आणि बंदिवासात ठेवलेल्या माद्यांनी तर कित्येक महिने अंडी रोखल्याचे आढळले. या काळात गर्भ एका ठरावीक टप्प्यापर्यंत वाढतो आणि तेथे थबकतो. अंडे मातीत गेले की वाढ पुन्हा सुरू होते. पिल्ले आईच्या पोटात पूर्ण वाढवून जन्माला घालणाऱ्या सरीसृपांची वाट उत्क्रांतीत अशाच कुठल्या तरी थोपवणुकीतून निघाली असावी, असे अभ्यासकांना वाटते; म्हणून या साध्या सरड्याकडे त्यांचे विशेष लक्ष आहे.

या तोडग्याची किंमतही द्यावी लागते. अंडवाहिनी भरलेली असताना पुढची खेप तयार होऊ शकत नाही. पोट जड झाल्याने मादीचा वेग मंदावतो आणि साप, भारद्वाज, मांजर यांच्या तावडीत ती सहज सापडते. पाऊस तीन आठवडे उशिरा आला, तर ते तीन आठवडे हंगामातून वजा होतात. ऑक्टोबरात उशिरा बाहेर पडलेल्या पिल्लांना हिवाळ्यापूर्वी स्वतःची चरबी जमवायला फारच थोडे दिवस मिळतात.

शेपटी तुटल्याचा हिशेब

सगळ्यांचे चक्र असे नसते. कॅरिबियन बेटांवरील अ‍ॅनोल सरडे एका वेळी एकच अंडे घालतात, पण अनुकूल काळात थोड्या थोड्या दिवसांनी घालत राहतात. मोठी शिल्लक बाळगण्याची त्यांना फारशी गरज पडत नाही. उबदार किनारपट्टीवरील घरांत राहणाऱ्या पालींना दिव्याखाली किडे बारा महिने मिळतात, आणि त्यांची दोन-दोन कडक कवचाची अंडी कपाटामागे किंवा चौकटीच्या फटीत वर्षातून कधीही सापडू शकतात.

पालींचे कोठार शेपटीत असते, असे वर म्हटले. संकटात ती शेपटी टाकून पळून जाते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्या वळवळणाऱ्या तुकड्याबरोबर तिची सारी ठेव जाते याची कल्पना सहसा नसते. अमेरिकेतील ‘कोलिओनिक्स’ जातीच्या पालींवर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेपटी गमावलेल्या माद्यांची अंडी शेपटी असलेल्यांच्या अंड्यांपेक्षा लहान भरली. पालीची अंडी एका वेळी दोनच असल्याने तेथे संख्येत काटछाट करता येत नाही. ती अंड्याच्या आकारात होते. सापसुरळीच्या कुळातील काही जाती तर धोका टळल्यावर मागे येऊन तुटलेली शेपटी खाऊन टाकतात. किळसवाणे वाटले तरी हिशेबाला ते पक्के आहे.

उन्हाची मर्यादा

सरड्याला ऊन हवे, म्हणून तापते हवामान त्याच्या पथ्यावर पडेल असे कोणालाही वाटेल. मेक्सिकोतील अनुभव उलटा आहे. बॅरी सिनर्व्हो आणि सहकाऱ्यांनी तेथील ‘स्केलोपोरस’ गटातील ४८ जातींची २०० ठिकाणे पुन्हा तपासली आणि १९७५ नंतर त्यांपैकी १२ टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झाल्याचे २०१० मध्ये नोंदवले. हे सरडे उष्माघाताने मेले असे नाही. विणीच्या काळात दुपार इतकी तापू लागली की त्यांना सावलीत किंवा बिळात दडून बसावे लागले. शिकारीचे तास घटले आणि नेमक्या अंडी पोसण्याच्या वेळी आवक तुटली. अशी काही वर्षे लागोपाठ गेली की जुने सरडे मरतात आणि नवे येत नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी कौलावरचा सरडा दिसेनासा होतो, तो याच कारणाने.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराची गोष्ट आणखी निराळी. तेथे गळ्याखाली निळा, काळा व नारिंगी पंखा उघडणारा एक सुंदर सरडा राहतो. त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ‘सराडा’ हेच नाव दिले. आपला मराठी शब्द असा जागतिक नामावलीत जाऊन बसला आहे. या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यानंतर शिकारी पक्ष्यांचा वावर पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळपास चौपटीने कमी असल्याचे मारिया ठकार, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांच्या २०१८ मधील अभ्यासात दिसले. शत्रू कमी झाल्याने सरडे वाढले. पण वाढलेल्या सरड्यांना तेच मर्यादित खाद्य वाटून घ्यावे लागले. ते अंगाने रोड झाले, आणि नरांच्या गळ्यावरील रंगही फिके पडले. संख्या मोजणाऱ्याला तेथे सरड्यांची चंगळ वाटेल, वजन करणाऱ्याला नाही.

दुसऱ्याच्या चरबीवर डोळा

जंगली सरीसृपांची ही शिल्लक माणसाच्याही नजरेतून सुटलेली नाही. कच्छ व राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशातील काटेरी शेपटीचा सांडा वनस्पती खाऊन जगतो, हिवाळा बिळात काढतो आणि वसंतात विणीला लागतो. थंडी व विणीसाठी जमवलेली त्याची चरबी वितळवून ‘सांड्याचे तेल’ म्हणून ते रस्तोरस्ती विकले जात आले आहे. सांधेदुखीवर वा पौरुषावर त्याचा उपयोग होतो याला वैद्यकीय आधार नाही. ती इतर प्राण्यांसारखीच चरबी आहे.

गोव्याशी अधिक निकटचा प्रश्न घोरपडीचा. घोरपड पावसात सर्वाधिक हिंडती असते, कारण तोच तिचा विणीचा आणि भरपेट खाण्याचा काळ. मादी जमिनीत किंवा वारुळात वीसच्या आसपास अंडी घालते, आणि ती उबायला साधारण सहा ते आठ महिने लागतात. नेमक्या याच दिवसांत ती मांसासाठी, कातड्यासाठी मारली जाते. नराचे वाळवलेले जननांग तर ‘हत्ता जोडी’ या नावाने, वनस्पतीचे दुर्मीळ मूळ म्हणून, पूजेच्या सामानात खपवले जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचा समावेश असून तिच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचेच कातडे चढवले जाई. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला तो बकऱ्याच्या कातड्याचा पर्याय रुळल्यावर. जुन्या वादकांपैकी काहींना नादातला फरक अजून जाणवतो, आणि त्यांची ती तक्रार खोटी म्हणता येणार नाही. चवथीच्या आरत्यांत घुमट घुमत असते त्या सुमारास घोरपडीची मादी अंडी घालून रिकामी झालेली असते आणि पुढच्या वर्षाची चरबी जमवू लागलेली असते. तिची अंडी मात्र पुढचा उन्हाळा येईपर्यंत वारुळाच्या भिंतीआड राहतात.